कराडची दुपार

कॅप्टन ऋजुता निकम घरी आली की घरातली माणसं चोरासारखी वावरायला लागत. नळ करंगळीएवढा सोडायचा. कुकर लावायचाच नाही. भात उघड्या पातेल्यात, तोही पळीचा आवाज न करता. केदारला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, खोकला आला तर तो जाकीट चढवून, बूट घालून बाहेर जाऊन खोकून येई. आता आइसलँडच्या रेक्याविकमध्ये बाहेर जाऊन खोकणं हे काही सोपं काम नाही. तिथला वारा असा, की माणूस आपल्या दारात खोकतो आणि खोकला पलीकडच्या गल्लीत ऐकू येतो.

या सगळ्या चोरांमध्ये तरबेज चोर म्हणजे सात वर्षांची जुई. ती मोज्यांवर चालायची, हसू आलं तर उशीत तोंड खुपसून हसायची, आणि आईच्या बंद दारासमोरून जाताना श्वाससुद्धा धरून ठेवायची.

ऋजुता ध्रुवावरून जाणारी मोठी विमानं चालवायची. खरं तर विमान एव्हाना जवळजवळ आपलं आपणच उडायला शिकलं होतं, त्यामुळे कॉकपिटमध्ये दोघांच्या जागी एकच वैमानिक उरला होता. आणि एकच उरला म्हणून त्या एकाच्या झोपेवर सगळ्या जगाचा डोळा होता. मनगटावर कंपनीचा निळा पट्टा. तो रक्तातला थकवा मोजायचा, आणि थकवा ठरावीक रेघेच्या वर असला तर विमानाचं दारसुद्धा उघडायचा नाही. म्हणून घरी आलं की झोप. पहाटे अमेरिकेहून उतरायचं, सकाळी घरी यायचं, झोपायचं, उठून थोडं खायचं, पुन्हा झोपायचं, आणि पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला की निघायचं. आइसलँडच्या उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नाही, त्यामुळे खिडकीला तिहेरी काळे पडदे. त्या अंधाऱ्या खोलीत तिचे घरातले दिवस एकामागून एक जात होते.

एकदा ती मधेच उठून पाणी प्यायला बाहेर आली. जुई सोफ्यावर डोळ्यांना मफलर बांधून उताणी पडली होती. एक अस्वल आणि एक बाहुली सोफ्याकडे पाठ करून बसवलेली.

“काय खेळतेयस गं?” ऋजुतानं विचारलं.

“आई-आई,” मफलर न काढता जुई पुटपुटली.

“मग आई काही करत नाहीये?”

“श्श! तिला परत जायचंय ना.”

ऋजुता पाणी न पिताच आत गेली. त्या दिवशी तिला झोप लागली नाही, आणि पट्ट्यावरचा दिवा लालच राहिला.

कंपनीचा वैद्यकीय विभाग तेव्हा एका नव्या यंत्रासाठी घरं शोधत होता. ऋजुतानं नाव दिलं. यंत्राचं खरं नाव चांगलं दीड ओळीचं होतं. निकमांच्या घरात ते ‘उशी-टोपी’ म्हणूनच ओळखलं गेलं.

ते शोधून काढणाऱ्या डॉक्टर सिग्रून उंच, लाल नाकाच्या आणि कोणाचंही बोलणं संपेपर्यंत थांबणाऱ्या बाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं ते असं. माणूस जागा असला की त्याच्या मेंदूत दिवसभराचा कचरा साठतो. गाढ झोपेत मेंदूभर संथ लाटा उठतात, आणि त्या लाटांबरोबर एक पाणी खेळतं, ते हा कचरा धुऊन नेतं. आजवर समज असा, की हे धुणं ज्याचं त्यानं झोपूनच करायला हवं. सिग्रूनबाईंनी दाखवलं की तशा लाटा एका झोपलेल्या डोक्यातून उचलून दुसऱ्या जाग्या डोक्यात सोडता येतात, एकदम नाही, कोपऱ्याकोपऱ्यानं. घरात माणसं वावरत असताना आपण एकेक खोली पुसून काढतो ना, तसं. झोपणाऱ्यानं उशीवर डोकं ठेवायचं. जागं राहणाऱ्यानं लोकरीची टोपी घालायची. टोपी जागणाऱ्याच्या थकव्याची नक्षी उशीला पाठवणार, झोपलेला मेंदू त्या नक्षीबरहुकूम लाटा काढणार, आणि त्या लाटा परत टोपीत येणार. झोपायचं एकानं, ताजंतवानं व्हायचं दुसऱ्यानं.

“पण दोन अटी,” सिग्रूनबाई म्हणाल्या. “उसनी झोप फक्त घरच्या दिवसांत. उड्डाणाच्या आधीची झोप तुमची स्वतःचीच हवी. आणि झोप देणारा माणूस घरातला हवा, सवयीचा हवा, आणि झोपणारा हवा.”

शेवटच्या अटीवर केदार नापास झाला. तो जमिनीखालची वाफ वर काढणाऱ्या केंद्रात इंजिनिअर होता. डोळा लागतो न लागतो तोच त्याला कुठला तरी व्हॉल्व्ह आठवायचा. उशीनं त्याला तीनदा नाकारलं.

“माझी बायको, माझं घर, आणि उशी म्हणते तुम्ही कोण?” केदार म्हणाला.

मग त्याला एकदम आपले वडील आठवले.

तात्या निकम कराडच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण गावात त्यांचं नाव खात्यामुळे नव्हतं, झोपेमुळे होतं. स्वतःच्या लग्नात दोन मंगलाष्टकांच्या मधल्या जागेत त्यांनी उभ्या उभ्या डुलकी काढली होती आणि शेवटच्या ‘सावधान’ला बरोबर जागे झाले होते. एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा म्हणे ते खाटेसकट वाहत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथे कोणीतरी दोरी टाकली, तर कूस बदलून म्हणाले, “चहा झाल्यावर उठवा.” यातलं किती खरं ते कृष्णेलाच ठाऊक. पण दुपारचं जेवण झालं की डाव्या कुशीवरची त्यांची वामकुक्षी मात्र कधी चुकली नाही. साहेब आले, मंत्री आले, जावई आला तरी नाही.

तात्या रेक्याविकला आले ते हातातलं स्टीलचं घड्याळ कराडच्या वेळेवर ठेवूनच. ते बदलायला त्यांनी साफ नकार दिला.

“जिथं राहायचं नाही तिथली वेळ कशाला लावू? चार महिन्यांनी परत फिरवायचा ताप.”

त्यामुळे झालं असं, की सगळं घर सकाळी दूध-पोहे खायला बसायचं तेव्हा तात्या वरण-भात जेवायचे, आणि बाकीचे कामाला निघायचे तेव्हा ते उपरणं डोळ्यांवर घेऊन आडवे व्हायचे. हीच वेळ ऋजुताची विमानतळावरून घरी यायची.

चाचणीला सिग्रूनबाई स्वतः आल्या. तात्यांनी उशी दाबून पाहिली.

“कापूस नाही वाटतं यात?”

“नाही, तात्या. यंत्र आहे,” ऋजुता म्हणाली.

“असू दे. बाईंना सांग, मी झोपल्यावर बोललात तरी चालेल. फक्त वास येईल असं काही तळू नका.”

ते डाव्या कुशीवर वळले. सिग्रूनबाईंनी यंत्राचा पडदा उघडून आकडे लावायला घेतले, तोवर तात्या गेलेसुद्धा. पडद्यावर लाटा उठल्या: रुंद, संथ, एकसारख्या. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मी वीस देशांतल्या माणसांच्या झोपा पाहिल्या आहेत. हा माणूस झोपेत काय करतो?”

“वामकुक्षी,” ऋजुता म्हणाली.

बाईंनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला.

टोपी घातलेल्या ऋजुताला वाटलं, कोणीतरी डोक्यातल्या खिडक्या एकेक करून उघडतंय. डोळ्यांमागची वाळू गेली. खांदे उतरले. रात्रभर विमान चालवून आलेल्या त्या बाईनं उठून पडदे बाजूला केले, आणि बाहेरचा लखलखीत उजेड आत आला.

“जुई,” तिनं चांगल्या मोठ्यानं हाक मारली, “बूट घाल.”

त्या उन्हाळ्यात त्या दोघींनी काय काय केलं! तळ्यावरच्या बदकांची नावं ठेवली. एक लाल चोचीचं बदक सतत तक्रार करायचं, त्याला ‘मामलेदार’ म्हणायचं ठरलं. दुकानातलं स्किर अगदी आपल्या चक्क्यासारखं लागतं, म्हणून त्याचं श्रीखंड केलं आणि त्यात वेलची जास्त पडली. उघड्यावरच्या गरम पाण्याच्या तलावात डोक्यावर टोपी ठेवून गळ्यापर्यंत बुडून बसल्या.

आणि एका सकाळी, जांभळ्या ल्युपिनच्या फुलांनी भरलेल्या उतारावर, जुईची पिवळी सायकल. ऋजुताच्या डोक्यावर टोपी, हात सीटच्या मागे, मनगटावर निळा पट्टा. वारा समोरून.

“सोडू नकोस हं!”

“नाही सोडत.”

“शप्पथ?”

“पुढं बघ आधी!”

ती धावत होती, धाप लागत होती, आणि कुठल्याशा पावलाला तिच्या लक्षात आलं की हात नुसता सीटजवळ आहे, सीटला लागलेला नाही. तिनं तो तसाच ठेवला. जुई चालवत होती. जरा पुढे गेल्यावर जुईनं मागे वळून पाहिलं, आणि अर्थातच धडपडली, सरळ फुलांत. उठली तेव्हा नाकाच्या शेंड्यावर पिवळे परागकण आणि चेहऱ्यावर मोठा आरोप.

“तू सोडलंस!”

“मी नाही. तूच मला सोडून पुढे गेलीस.”

जुईनं जरा विचार केला. मग तिथेच बसून ती खदखदा हसायला लागली, उशीत तोंड न खुपसता.

तात्या तिकडे घरी घोरत होते. यंत्रासाठी त्यांना आपल्या झोपेवर सुनेचीही झोप झोपावी लागे, म्हणजे वामकुक्षी संपता संपता संध्याकाळ व्हायची. नातीसाठी सात समुद्र ओलांडून आलेला माणूस नातीचा उन्हाळा उशीवर काढत होता. ऋजुताला ते टोचायचं.

“तात्या, आज राहू दे. आज तुम्ही जा जुईबरोबर.”

“आगं, मला काय कमी आहे? झोपायचा पगार आयुष्यभर खात्यानं चोरून दिला, इथं राजरोस मान मिळतोय.” असं म्हणून ते कुशीवर वळायचे.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हाची गोष्ट. चौघं जेवत होती. म्हणजे तिघं जेवत होती, आणि तात्या त्यांच्या घड्याळाप्रमाणे झोपेपूर्वीचं दूध पीत होते. जुईनं विचारलं, “आई, मी पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा कशात पडले सांग?”

ऋजुता हसली. आठवायला गेली. तिथे काही नव्हतं.

पुसट झालेलं नव्हतं, विसरल्यासारखंही नव्हतं. हॉटेलातल्या खोल्या आठवत होत्या. न्यूयॉर्कच्या खोलीतला वाकडा दिवा आठवत होता. उन्हाळा छान गेला, हेही आतून कुठेतरी ठाऊक होतं. पण सायकल म्हटल्यावर नुसती भिंत. आणि गंमत अशी, की जे आठवत नाही ते आठवत नाही हेही माणसाला कोणी विचारेपर्यंत कळत नाही.

“गवतात,” ती म्हणाली.

जुईचा घास हातातच राहिला. “नाही.”

“वाळूत?”

“आई, तू होतीस ना तिथं!”

“ल्युपिनच्या फुलांत,” तात्या दुधाच्या पेल्यातून म्हणाले. “जांभळ्या. आणि उठलीस तेव्हा नाकाच्या शेंड्याला पिवळं लागलं होतं. तू म्हणालीस, सोडलंस. मी म्हणालो, मी नाही, तूच मला सोडून पुढे गेलीस.”

केदारनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“तात्या,” तो म्हणाला, “तुम्ही कुठं होतात तेव्हा?”

“मी?” तात्या स्वतःच चपापले. “मी झोपलो होतो की.”

सिग्रूनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि नेहमीप्रमाणे बोलणं संपल्यावरही थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी फक्त ताजेपणा मोजला. दिवा लागला की बटण दाबायचं, किती पटकन दाबलं, एवढंच.”

झोपेत नुसतं धुणं होत नाही, आवरणंही होतं. दिवसभरातलं सगळं मेंदू आधी एका कच्च्या पाटीवर लिहितो. झोपेत तो त्यातलं ठेवायचं ते उचलून पक्क्या जागी लावतो आणि पाटी कोरी करतो. टोपीतून थकव्याची नक्षी उशीकडे जायची तेव्हा पाटीवरचं सगळं तिच्याबरोबर जात होतं. इकडे पाटी स्वच्छ. तिकडे तात्यांचा आज्ञाधारक मेंदू सुनेचा दिवस नीट घडी घालून आपल्या कपाटात ठेवत होता.

“परत काढता येईल?” ऋजुतानं विचारलं.

“यंत्रानं नाही.”

घरी आल्यावर तिनं आपला निर्णय सांगितला, तो विमान उतरवायच्या आवाजात.

“टोपी चालू ठेवायची.”

“काय?” केदार म्हणाला.

“मला नाही आठवलं तर नाही. तिला आठवेल ना? लहानपण तिचं आहे. मोठी झाल्यावर ती म्हणेल, माझी आई माझ्याबरोबर होती. मला तेवढं पुरे. दाराआड झोपलेली आई नकोय मला तिच्या आठवणीत.”

“आणि तू?”

“माझं काय? मला न्यूयॉर्कचा वाकडा दिवा आठवतो.” ती हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही.

केदारनं व्हिडिओ दाखवून पाहिले. तळं, बदकं, टोपी घातलेली ती. ऋजुतानं ते लक्ष देऊन पाहिले, जसे शेजारच्या लग्नाचे पाहावेत.

“तात्या, तुम्ही बोला काहीतरी,” केदार म्हणाला.

तात्यांनी घड्याळाला किल्ली दिली. “झोप माझी आहे, पण दिवस तिचा आहे. ती म्हणेल तसं.” मग सुनेकडे न बघता म्हणाले, “एक सांगतो पोरी. माझ्या डोक्यात तुझी लेक तुझ्या डोळ्यांनी दिसते. मला आजोबाच्या डोळ्यांनीच कौतुक वाटायचं, ते काही थोडं नव्हतं. पण हे... हे फार आहे. मला पेलत नाही. वापरायला परक्याचा शालू दिल्यासारखं वाटतं.”

तरी टोपी चालू राहिली.

फरक पडला तो जुईत. ती आता आईला काही विचारायची नाही. तळ्यावर गेल्या तर ‘मामलेदार’ ओरडायचा, जुई हळूच आईकडे बघायची, आणि आईला नाव नवीनच आहे हे दिसलं की पुढे चालायला लागायची. प्रत्येक वेळी आई ताजीतवानी, हसरी, आणि नवी. ओळख झालेली असून पुन्हा पुन्हा करून द्यावी लागणाऱ्या पाहुणीसारखी. जुईनं तीही करून दिली, दोनदा, तीनदा. मग सोडून दिली.

एका सुट्टीच्या सकाळी ऋजुता पाव आणायला बाहेर पडली. टोपी खुंटीलाच होती. ती परत आली तेव्हा बैठकीतून आवाज येत होते. तात्या जेवून सोफ्यावर टेकले होते, जुई त्यांच्या पायाशी.

“आजोबा, तुझ्यातल्या आईला बोलव ना.”

“आत्ता? जेवण झालंय माझं, झोप आलीय.”

“थोडंच. मला तिला सांगायचंय, मामलेदाराला पिल्लं झाली.”

तात्यांनी उसासा टाकला, डोळे मिटले, आणि घसा साफ करून म्हणाले, “काय म्हणतेस! त्या तक्रारखोराला? म्हणजे इतके दिवस पोटात दुखत होतं म्हणून ओरडत होता होय? आपण उगाच त्याला नावं ठेवली.”

जुई खदखदून हसली. अगदी ऋजुताच्याच ढंगाचं बोलणं होतं ते. तो ‘काय म्हणतेस’ तर हुबेहूब. जुईनं तात्यांच्या गुडघ्यावर गाल टेकला.

“ही आई मला जास्त आवडते,” ती म्हणाली. “हिला सगळं माहीत असतं.”

ऋजुता दारात पाव घेऊन उभी होती. ती आत आली, पाव टेबलावर ठेवला, खुंटीवरची टोपी काढली, आणि जाकिटाच्या खिशात कोंबली.

“कुठं निघालीस?” तात्यांनी विचारलं.

“सिग्रूनबाईंकडे. टोपी परत द्यायला.”

“आणि मग?”

“मग झोपणार. मला फार झोप आलीय, तात्या. कितीतरी महिन्यांची.”

टोपी ठेवून घेताना सिग्रूनबाईंनी एक गोष्ट सांगितली. पक्की आठवणसुद्धा कोणी बोलून दाखवली की कुंभाराच्या मातीसारखी पुन्हा ओली होते, आणि ऐकणाऱ्याच्या हाताला लागते. त्यानंतर लगेच झोप मिळाली तर ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाळते. “खात्री नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या घरी गोष्ट सांगणारा माणूस आहे, आणि झोपेची तर तुम्हाला गरजच आहे.”

ऋजुता परत आली तशी झोपायच्या खोलीकडे वळली. तात्यांनी आडवा हात घातला.

“तिकडं कुठं? त्या अंधारकोठडीत? आधी सांग, झोपेला एवढी शांतता लागते असं कुणी शिकवलं तुम्हाला? आमच्याकडं मी झोपायचो तेव्हा शेजारी पिठाची गिरणी चालायची, जुईची आजी पापड लाटायची, आणि केदार माझ्या पोटावर उभा राहून पतंग उडवायचा. गिरणी थांबली की जाग यायची मला. इथं बघावं तर सगळे चोर! चोर वावरत असले घरात, तर कुणाला झोप लागेल?”

त्यांनी बैठकीच्या मधोमध सतरंजी अंथरली. केदारला कुकर लावायला सांगितलं. “चांगल्या चार शिट्ट्या होऊ देत. आणि खोकायचं असेल तर घरात खोक.” मग सुनेला म्हणाले, “डाव्या कुशीवर. हं. आता ऐक. जांभळ्या फुलांचा उतार आहे. वारा समोरून. आपल्या पुढं पिवळी सायकल...”

“आजोबा, फुलं माझ्या डोक्याएवढी होती,” जुई मधेच म्हणाली.

“डोक्याएवढी? आगं, घरावर गेली होती! वरून विमानं वाट चुकत होती.”

ऋजुता ऐकता ऐकता हसली, आणि हसता हसता तिचे डोळे मिटले. कुकरची शिट्टी झाली. जुईनं जरा वेळ वाट पाहिली. मग सतरंजीवर आईच्या पाठीला पाठ लावून आडवी झाली आणि एक पाय तिच्यावर टाकला. कोणी श्श म्हटलं नाही.

तात्यांचा परतीचा दिवस येईपर्यंत हे चाललं. ऋजुतानं ध्रुवावरची उड्डाणं निम्मी केली, मोठ्या विमानांच्या यादीत तिचं नाव खाली गेलं, आणि जी उरली त्यांच्या आधी-मागे ती घराच्या मधोमध झोपली. झोपली म्हणजे सुटलंच थोडंफार; जुईचा पुढचा पहिला दात पडला तेव्हा आई सतरंजीवरच होती. पण जुईनं तिला हलवून उठवलं, दात तिच्या मुठीत ठेवला, आणि ती पुन्हा झोपली. तो दात तिला आठवतो. तो तिचा स्वतःचा आहे.

तात्यांनी एकेक दिवस परत केला. श्रीखंड, तलाव, बदकं. देताना अर्थात जसाच्या तसा दिला नाही. तेवढा साधा माणूसच नव्हता तो. ऋजुताला आजही तळ्यावरचा तो लाल चोचीचा मामलेदार डोक्यावर फेटा बांधलेला आठवतो.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कराडला, जेवून डाव्या कुशीवर झाले, ते उठले नाहीत. त्यांची ख्याती अशी, की संध्याकाळपर्यंत कोणाला संशयही आला नाही.

परवा जुई घर सोडून निघाली, नोकरीसाठी, दुसऱ्या देशात. ऋजुता तिचे बूट कागदात गुंडाळत होती. मागच्या खोलीत ती पिवळी सायकल सापडली होती, हँडलला गंज चढलेली.

“आई, खरं सांग हं,” जुई म्हणाली. “मी शिकले ती सकाळ तुला नक्की आठवते, की आजोबांनी सांगितली म्हणून आठवते?”

ऋजुतानं बूट खाली ठेवले. डोळे मिटले. उतार, वारा, पिवळी सीट. सीटजवळ धरलेला हात.

“आठवते,” ती म्हणाली. “फक्त एक आहे. मी माझ्या हाताकडे बघते ना, तर मनगटावर निळा पट्टा नसतो. सुरकुतलेला हात असतो. पांढरी लव. स्टीलचं घड्याळ. आणि इकडं चांगली सकाळ असते, पण घड्याळात कराडची दुपार झालेली असते.”

खरं काय ते जुईला ठाऊक होतं. तिच्या सीटजवळ त्या दिवशी निळ्या पट्ट्याचाच हात होता. तिनं सायकलच्या सीटवरची धूळ तळव्यानं पुसली.

“हो की,” ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. “तेच घड्याळ. त्याचा पट्टा टोचला होता मला कमरेला. दोन दिवस वळ होता.”

ऋजुता लेकीकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, आणि जुईही, दोघी जमिनीवर बसून, मोठमोठ्यानं, इतक्या की केदार स्वयंपाकघरातून खोकत बाहेर आला.